'आक्का, इथं सही कर' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या भावकीच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. पुतणीनं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'यात चूक काय आहे?' म्हणून हे लिहितेय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: स्त्री-पुरुष समानता हे परदेशातून आलेलं खूळ. ते शहरातल्या चार लेखिका आणि सिनेमे काढणाऱ्या बायकांनी इकडे आणलं, आपल्या सीमाभागाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांनी पुरुषद्वेष शिकवला. कायद्यानं सगळं दिलंय, आता आणखी काय हवं? आणि शेवटी, संस्कारी मुलगी माहेरच्या जमिनीवरचा हक्क हसत सोडते, या बायकांनी तिला कोर्टाची पायरी दाखवली.

परदेशी खूळ म्हणे. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 साली पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याच्या गुन्ह्यासाठी आधी फाशी आणि अपिलात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, तिला ताराबाईंनी दिलेलं हे उत्तर होतं. ज्या पुरुषामुळे दिवस गेले त्याला कुणी का विचारत नाही, हा त्यांच्या रागाचा गाभा. यात परदेशी काय आहे? जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या लेखनात त्यांची बाजू घेतली. त्याच्याही आधी, 1855 साली, मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये आला होता.

आणि 'आपल्या भागाचा संबंध नाही' हे कोण म्हणतंय? लेखिका कमल देसाई हुक्केरी तालुक्यातल्या यमकनमर्डीत जन्मल्या. इंदिरा संतांना 1946 साली वैधव्य आलं, पदरी तीन मुलं होती. बेळगावातच शिकवत त्यांनी संसार ओढला आणि कविता लिहिली, 'गर्भरेशीम'ला 1984 साली साहित्य अकादमी मिळाली. कन्नडमध्ये एम. के. इंदिरांच्या 'फणियम्मा' या बालविधवेवरच्या कादंबरीवर प्रेमा कारंतांनी 1983 साली सिनेमा केला. कर्नाटकातल्याच हासनच्या बानू मुश्ताक यांच्या कथांना 2025 चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. सीमाभागातल्या माणसाला दोन्ही भाषांतलं हे सगळं हाताशी आहे. वाचायचं नसेल तर नका वाचू, पण नाहीच म्हणून सांगू नका.

सगळ्यात संताप येतो तो 'सिनेमावाल्या बायकांना इथलं काय ठाऊक' या वाक्याचा. निपाणीचं 1981 चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांवर 1982 साली एक माहितीपट झाला, 'तंबाखू चाकीला ऊब आली'. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर यांच्या 'युगांतर' गटानं तो केला. जेमतेम 25 मिनिटांचा. उडणारी भुकटी, तुटपुंजी मजुरी आणि मालकांशी भांडायला बायकांनी बांधलेली संघटना, हे सगळं त्या बायकांनीच त्यात मांडलंय. तंबाखू चाळताना ती धूळ नाकातोंडात, डोळ्यांत, पदरात भरते. खोकला घरी सोबत येतो आणि अंगाचा वास अंघोळीनंही जात नाही. हे काम करणाऱ्या बाईला समानता म्हणजे काय, ते परदेशातून कुणी येऊन सांगायला लागत नाही. याच गटानं 1981 साली पुण्यातल्या घरकामगार बायकांवर 'मोलकरीण' केला होता. निपाणीच्या पोरांना शेतकऱ्यांचं आंदोलन शिकवता, मग ही संघटना का नाही?

पुरुषद्वेषाचा आरोप दोन ओळींत संपतो. सई परांजपेंच्या 'स्पर्श'मधला अंध मुख्याध्यापक किंवा सुमित्रा भावेंच्या 'देवराई'तला आजारी भाऊ, या माणसांकडे जितक्या मायेनं पाहिलंय तितकं फार थोड्या पुरुषांच्या सिनेमात पाहिलेलं आढळतं.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजानं. सुरुवातीच्या नावाजलेल्या लेखिकांपैकी बऱ्याच जणी शिकल्या-सवरलेल्या, वरच्या जातींच्या घरांतल्या होत्या, आणि शेतात राबणारी बाई त्यांच्या पुस्तकांत क्वचितच दिसते. पण ही उणीव दलित लेखिकांनीच दाखवली आणि भरूनही काढली. बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' वाचा, उर्मिला पवारांचं 'आयदान' वाचा. मेसेजवाल्याला त्यांची नावंही ठाऊक नसावीत.

कायद्यानं सगळं दिलंय? केंद्र सरकारचं 2024 चं वेळ-वापर सर्वेक्षण पाहा. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, घरकामाला हात लावणारे पुरुष 88. 2019 च्या सर्वेक्षणात हेच आकडे 299 आणि 97 होते. पाच वर्षांत बायकांची 10 मिनिटं वाचली, पुरुषांचीही 9 वाचली. स्वयंपाकघरातलं हे गणित कायदा बदलत नाही. ते बदलायचं तर आधी कुणीतरी ते लिहून, दाखवून उघडं करावं लागतं, आणि या बायकांनी तेच केलं.

आता जमीन. मेसेजमधलं खरं विष इथं आहे, कारण यानं बाईचं कायमचं नुकसान होतं. हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्मानं हिस्सेदार आहे. कर्नाटकानं हे 30 जुलै 1994 पासून, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरतं, केलं. 9 सप्टेंबर 2005 पासून ते देशभर, लग्न झालेल्यांनाही, लागू झालं. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली वाटणी मात्र मोडत नाही. वडिलांची स्वकष्टाची मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, आई, आजी (वडिलांची आई) सारख्याच वारस.

मग होतं काय? वडील गेले की वारसा नोंदीसाठी वंशावळ करतात, तीत बहिणींची नावं गळतात. किंवा पंचमीला आलेल्या बहिणीला साडीचोळी होते आणि 'आक्का, उद्या जरा सब-रजिस्ट्रारकडं येऊन जा' असा निरोप मिळतो. दस्त कन्नडमध्ये. आक्का मराठी शाळेत शिकलेली. ती सही करते ते हक्कसोड पत्र, कन्नडमध्ये 'हक्कु बिडुगडे पत्र'. घरासाठी म्हणून सही मागितलेली असते आणि शेवटच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे मिळकतींच्या यादीत, शेतीचे सर्व्हे नंबरही असू शकतात.

म्हणून सहीआधी प्रत्येक सर्व्हे नंबरचा उतारा काढा आणि कुणाकुणाची नावं आहेत ते पाहा. दस्ताची प्रत आदल्या दिवशी मागून घ्या आणि भावाच्या ओळखीचा नसलेल्या, कन्नड येणाऱ्या माणसाकडून शेड्यूलसकट मोठ्यानं वाचून घ्या. मोबदला लिहिला असेल तर तो खरोखर हातात पडला का ते बघा. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही किंवा अंगठा कधीच नको. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. साध्या कागदावरच्या सहीनंही जमिनीतला हिस्सा सुटत नाही, त्यासाठी नोंदणी लागते. नोंदणी झाली की मात्र मागं फिरणं अवघड. फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासून 3 वर्षांच्या आत दिवाणी कोर्टात दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. 1987 च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.