आचारी, आचार्य आणि माझं करिअर

दर आठवड्याला एकतरी मेसेज असतोच, ताई मला पण आयटीत यायचंय, कोणता कोर्स करू. पाठवणारा कधी फायनान्सच्या वसुलीवर असतो, कधी शाळेत तासिका तत्त्वावर, कधी मेडिकलच्या काउंटरवर. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहिते, आणि थोडं कडू लागलं तर लागू दे.

मी कोर्स सांगतच नाही. मी उलट विचारते की बाबा आत्ता जे काम करतोस त्यात रोज डोकं कुठे उठतं ते सांग. यावर ९०% लोक गप्प होतात, कारण त्यांना ते काम पुसूनच टाकायचं असतं. मलाही पुसायचं होतं. सांगलीत एका छापखान्यात ११ वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, दहाव्याची कार्डं. पहिल्या इंटरव्ह्यूला तर बायोडेटात हे सगळं 'ऑफिस वर्क' असं एका ओळीत गुंडाळलेलं, लाज वाटायची ना.

सुरुवात माझीही फ्रीकोडकॅम्प या कोडिंग शिकवणाऱ्या वेबसाइटवरनंच झाली, फुकट आहे म्हणून. चार महिने लूप, अ‍ॅरे, फंक्शन गिरवलं आणि व्हिडिओ बंद केला की पाटी कोरी. जावास्क्रिप्ट ही कोडिंगची भाषा म्हणे १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने १० दिवसांत बनवली, मला त्यातला 'धिस' हा एक शब्द कळायला ३ महिने लागले. सरावाला टू-डू लिस्टचं, म्हणजे कामांच्या यादीचं अ‍ॅप सगळे बनवतात, मीपण बनवलं, घरात कुणी उघडून पण बघितलं नाही.

मग एकदा छापखान्यातच गाडी रुळावर आली. गिऱ्हाइकाला पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हवा असायचा आणि आमचा सगळा मजकूर जुन्या फॉन्टात, कॉपी करून टाकला की तिकडे नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मग परत बसून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलला कळणाऱ्या मराठी अक्षरांत टाइप करा. म्हटलं हेच कोडने करून बघू. आणि इथे माझी ११ वर्षं कामाला आली हो! जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरसारखी आधी मारायची आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये अक्षर आधी. रफार तिकडे अक्षर झाल्यावर, इकडे अक्षराच्या आधी, आणि मध्ये काना किंवा जोडाक्षर असेल तर तेवढं ओलांडून मागे न्यायचा. कॉम्प्युटर इंजिनिअर झालेल्या भाच्याला हे समजवायला मला अर्धा तास लागला, माझ्या बोटांना आधीच पाठ होतं. 'क्षितिज' डोळ्याला ३ अक्षरं आणि जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ७ म्हणते, कारण ती वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजते, हे बघून लोक गोंधळतात, मला एवढा आनंद झाला की झोपलेल्या नवऱ्याला उठवून दाखवलं. (तो "बरं" म्हणाला आणि कूस बदलली.)

पहिला मोठा घोळ एका ट्रस्टच्या अहवालात झाला. खर्चाच्या बाजूला 'आचाऱ्यांना दिलेली मजुरी' असं होतं, माझ्या कन्व्हर्टरने, म्हणजे त्या फॉन्ट बदलणाऱ्या कोडने त्याचं 'आचार्यांना दिलेली मजुरी' केलं. प्रूफ वाचणाऱ्या गुरुजींनी चष्मा काढून विचारलं, कुठल्या आचार्यांनी मजुरी घेतली? मी आपली दोन्ही 'र' एकाच साच्यात घातलेली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर असतो, साधा र ०९३० वर आणि आपल्या 'दुसऱ्या', 'वाऱ्या' या शब्दांतला ऱ वेगळा, ०९३१ वर, त्याला हलन्त लावला की तो बारीक अर्धा र येतो. एका ओळीची दुरुस्ती, पण ती शोधायला दोन रात्री गेल्या आणि डीबगिंग, म्हणजे कोडमधली चूक शोधणं म्हणजे काय ते मी त्या दोन रात्रींत शिकले, त्याआधीच्या चार महिन्यांत नाही.

पुढे नोकरी लागली ती याच कन्व्हर्टरवर. तोवर ४२ अर्ज, ३ इंटरव्ह्यू, एका ठिकाणी तर डिग्री बघून दोन मिनिटांत कॉल बंद. चौथ्या ठिकाणी मराठी फॉर्म्सचं काम होतं, समोरच्या बाईंनी कोड उघडला आणि रफारावरच पाऊण तास गप्पा झाल्या.

आता जे कुणी सांगत नाही ते. हे सगळं व्हायला अडीच वर्षं लागली आणि त्या अडीच वर्षांत किराणा नवऱ्याच्या पगारातून आला, मुलीचा अभ्यास सासूबाईंनी घेतला. रात्री १० ते १ मी मोकळी असायचे कारण उद्याची भाजी दुसरं कुणीतरी निवडून ठेवलेली असायची. ज्याच्या घरी हप्ते एकट्याच्या पगारावर चालतात त्याला "राजीनामा टाक, पॅशन फॉलो कर" म्हणणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. आणि वर ते सहा महिन्यांत डेव्हलपर वाले, फी लाखात आणि तीही हप्त्यावर, म्हणजे शिकायच्या आधीच डोक्यावर कर्ज. वसुलीवरच्या पोराला मी म्हटलं, तुमच्याकडे भेटींची नोंद अजून वहीत करता ना, तिथून सुरू कर, नोकरी सोडू नकोस. त्याला आवडलं नाही बहुतेक, ब्लू टिक आहे, उत्तर नाही.

छापखाना काही सुटलेला नाहीये. परवा काकांचा फोन, "अगं तुझ्या त्या मशीनमधनं 'श्रींच्या कृपेने' वरचा अनुस्वार उडतोय, सकाळी पत्रिका छपाईला जायचीय." कुकरची दुसरी शिट्टी झालेली. म्हटलं काका, १५ मिनिटं द्या.

४० लागली.