हरण्याआधी ते काय म्हणत होते?

आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरून येतो: 'अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही!' पुढचा मजकूर थोडक्यात असा. दक्षिणेतली राज्यं आपल्या हक्कांसाठी आणि उत्तरेने लादलेल्या करांविरुद्ध लढली. देशात जेमतेम सव्वा टक्का लोकांकडे गुलाम होते. लिंकनला गुलामांची काही पडली नव्हती. गुलामगिरी तशीही आपोआप संपत आली होती. हजारो काळे सैनिक दक्षिणेकडून लढले. आणि युद्धानंतर काळ्यांच्या हाती सत्ता आली ती त्यांना झेपली नाही. शेवटी 'हे शाळेत शिकवत नाहीत' ही शेपटी असतेच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शाळांत मात्र कित्येक दशकं नेमकं हेच शिकवत होते.

आधी राज्यांचे हक्क घेऊ. हक्क कसला, हे त्या राज्यांनीच लिहून ठेवलंय. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटलं आणि चार दिवसांत त्याने आपली कारणं जाहीर केली. तक्रार काय? उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम पकडून देत नाहीत, आणि न्यूयॉर्कमधून जाताना आपला गुलाम सोबत नेण्याचा हक्कही आम्हाला उरलेला नाही. म्हणजे दुखणं आपले हक्क गेल्याचं नव्हतं, उत्तरेतली राज्यं त्यांचे हक्क वापरतात याचं होतं. पळालेल्या गुलामांना पकडण्याच्या कामी उत्तरेतल्या सामान्य माणसालाही जुंपता येईल असा कायदा १८५० साली झाला, तो केंद्राचाच आणि दक्षिणेच्या आग्रहाने. 'राज्यांचे हक्क' म्हणत त्याविरुद्ध उभं राहिलं ते विस्कॉन्सिन, उत्तरेतलं.

मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. जानेवारी १८६१ च्या त्यांच्या निवेदनात सुरुवातीलाच आहे: आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. दोनच महिन्यांनी, २१ मार्चला, फुटलेल्या राज्यांनी मिळून स्थापलेल्या दक्षिणेच्या सरकारचे उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सव्हानातल्या सभेत म्हणाले, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, या 'महान सत्या'वर आमच्या सरकारची कोनशिला बसवली आहे. त्यांच्या नव्या राज्यघटनेत गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायला काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला, चक्क मनाई होती. शिवाय कुणीही आपले गुलाम घेऊन कोणत्याही राज्यात जाऊ शकेल, हेही कलम. म्हणजे उद्या एखाद्या राज्याला वाटलं, की आपल्याकडे गुलाम नकोत, तरी बाहेरून येणारे अडवता येणार नाहीत. राज्यांच्या हक्कांची ही तऱ्हा!

याच स्टीफन्सनी युद्ध हरल्यावर दोन जाडजूड खंड लिहिले आणि त्यात पटवून दिलं, की वाद मुळात केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांचा होता. फॉरवर्डमधला इतिहास या दुसऱ्या स्टीफन्सचा आहे. मी पहिल्यावर विश्वास ठेवतो. तेव्हा त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

करांचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. १८५७ चे आयातकर कित्येक दशकांतले सर्वांत कमी होते आणि दक्षिणेला ते मान्य होते. वाढीव करांचा कायदा झाला मार्च १८६१ मध्ये, सात राज्यं फुटून त्यांचे सिनेटर घरी गेल्यानंतर.

सव्वा टक्क्याचा आकडा मात्र उलगडून बघण्यासारखा आहे, कारण त्यात खोटं काहीच नाही आणि तरीही तो फसवतो. १८६० च्या जनगणनेत गुलामांचे मालक म्हणून नोंद आहे सुमारे ३ लाख ९४ हजार जणांची. त्याला देशाच्या ३ कोटी १४ लाख लोकसंख्येने भागलं, की सव्वा टक्का येतो. पण या ३ कोटी १४ लाखांत बोस्टन आणि शिकागोही आले, पाळण्यातली बाळंही आली, आणि ते ३९ लाख ५० हजार गुलामसुद्धा आले! मालक म्हणून नोंद घरातल्या एकाचीच. हे म्हणजे सातबारा आजोबांच्या नावावर आहे म्हणून घरातले बाकीचे सगळे भूमिहीन धरण्यासारखं झालं. फुटलेल्या राज्यांतली कुटुंबं मोजली, तर दहापैकी तीन घरांत गुलाम होते. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत जवळजवळ निम्म्या घरांत. या दोन राज्यांत तर गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती.

लिंकनबद्दल फॉरवर्डमध्ये थोडं खरं आहे. ऑगस्ट १८६२ मधल्या पत्रात त्याने खरंच लिहिलं, की एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचत असेल, तर मी तसं करीन. पण ते लिहिताना मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होता, महिनाभरापूर्वी मंत्रिमंडळापुढे वाचूनही झाला होता. १ जानेवारी १८६३ चा तो जाहीरनामा केंटकीसारख्या, संघराज्यात राहिलेल्या गुलामी राज्यांना लागू नव्हता, हेही कबूल. उत्तर सुरुवातीला लढली ती देश एकत्र ठेवण्यासाठीच. पण उत्तर कशासाठी लढली आणि दक्षिण कशासाठी फुटली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

शिवाय युद्धाचा हेतू एकट्या लिंकनने बदलला नाही. मे १८६१ मध्ये दक्षिणेच्या तोफांचे मोर्चे बांधायला लावलेले तीन गुलाम रात्री होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर पोचले आणि तिथल्या सेनापतीने त्यांना परत द्यायला नकार दिला. मग रीघ लागली. वर्षभराने, १३ मे १८६२ च्या पहाटे, चार्ल्सटन बंदरात रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले बघून 'प्लँटर' नावाची बोट सोडली. वाटेत बायकामुलांना घेतलं, कप्तानाची गवती हॅट डोक्यावर चढवली आणि प्रत्येक किल्ल्यासमोर नेमकी शिट्टी देत, समटर किल्ल्याच्या तोफांखालून बोट बाहेर काढली. मग दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर वर चढवली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या लष्करात होते.

दक्षिणेकडून लढलेल्या 'हजारो काळ्या सैनिकां'चं काय? त्यांना सैन्यात घेण्याचा कायदा दक्षिणेने केला १३ मार्च १८६५ ला, दक्षिणेचा सेनापती ली शरण येण्याच्या चार आठवडे आधी. त्याआधी सैन्यासोबत काळी माणसं होती ती स्वयंपाकाला, खंदक खणायला, मालकाचा घोडा सांभाळायला. त्यांच्याच हॉवेल कॉब या सेनापतीने जानेवारीत लिहिलं होतं, की गुलाम चांगले सैनिक होणार असतील, तर गुलामगिरीचा आपला सगळा सिद्धांतच चुकीचा ठरेल.

राहिलं 'आपोआप संपली असती'. डेलावेअरमध्ये १८६० साली फक्त १,७९८ गुलाम उरले होते. ते मुक्त करण्याच्या बदल्यात लिंकनने भरपाई देऊ केली, तरी तिथल्या विधिमंडळाला ते पटलं नाही. अठराशेंचं हे, तर चाळीस लाखांचं काय? आणि धंदा मरत आलेला होता म्हणावं, तर १८६० मध्ये गुलामांच्या किमती चढत्या होत्या. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशांहून जास्त कापूस तिथून जात होता. युद्धात तो थांबला, लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या कापसाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईत पैशाचा असा पूर आला, की कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदांच्या काळातली ती शेअरची झिंग १८६५ मध्ये युद्ध संपल्यावरच उतरली. मरणासन्न धंदा बंद पडून एवढं होत नाही.

आणि 'सत्ता झेपली नाही'. १८६८ मध्ये साउथ कॅरोलायनाची नवी राज्यघटना बनवताना सर्वांसाठी मोफत सरकारी शाळांचा आग्रह धरणाऱ्यांत हाच रॉबर्ट स्मॉल्स होता. पुढे तो काँग्रेसवर निवडून गेला. ज्याच्या घरी गुलाम म्हणून जन्मला, ते मालकाचं घरही त्याने विकत घेतलं. झेपलं नाही ते दुसऱ्यांना. १३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्सच्या, काळ्यांनी राखलेल्या सरकारी कचेरीवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. शिक्षा झालेले मोजके लोकही पुढे सर्वोच्च न्यायालयात सुटले. त्याच १८७३ साली जोतीरावांनी पुण्यात 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका आता वाचताना मला दर वेळी कोलफॅक्स आठवतं.

१८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतल्या सरकारांमागचं लष्कर काढून घेतलं. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली: मत द्यायचं, तर दोन डॉलर कर भरा आणि राज्यघटनेतलं कलम वाचून किंवा त्याचा अर्थ सांगून दाखवा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार गोरा कारकून. गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला याच मिसिसिपीने मान्यता दिली १९९५ साली, आणि त्याचा कागद वॉशिंग्टनला रीतसर पोचला २०१३ मध्ये.