कुलूप पक्कं आहे, तुम्ही निर्धास्त राहा

आधी तुमचं अभिनंदन. व्हॉट्सॲपवर नवी चॅट उघडली की वर एक पिवळी चौकट दिसते. तुमचे मेसेज या चॅटबाहेरचं कुणीही, अगदी व्हॉट्सॲपसुद्धा, वाचू शकत नाही, असं ती सांगते. ती वाचून तुम्ही समाधानाने मान डोलावलीत आणि तेव्हापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपासून देशाच्या गृहमंत्र्यांपर्यंत सगळ्यांबद्दलची परखड मतं तिथेच मांडत आला आहात. चालू द्या. चौकटीतलं एक अक्षरही खोटं नाही. एप्रिल २०१६ पासून तिथला प्रत्येक खासगी मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. किल्ली २५६ बिटांची, म्हणजे शून्य आणि एक अशा २५६ आकड्यांची. अशा किती किल्ल्या संभवतात ती संख्या लिहायला ७८ अंक लागतात. जगातले सगळे संगणक जुंपून एकेक किल्ली लावून बघायला बसलं तर सूर्य विझेल, कुलूप निघणार नाही. सरकारलाही हे ठाऊक आहे, म्हणून सरकार त्या भानगडीत पडतच नाही.

आता या अजिंक्य कुलपाची किल्ली कुठे ठेवायची, तेवढं ऐका. ती तुमच्या फोनमध्येच असते आणि फोन चार आकडी पिनने उघडतो. चार आकड्यांचे दहा हजार प्रकार होतात, पण तुम्ही आपलं लग्नाचं साल ठेवा. तपास अधिकाऱ्यालाही घरदार असतं, त्याला किती वेळ बसवून ठेवायचं? बोटाचा ठसा ठेवलात तर आणखी सोयीचं, कारण बोट तुमच्याबरोबर आपोआप ठाण्यात येतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यावर दुचाकीवाल्यांना थांबवून फोन उघडायला लावत होते आणि व्हॉट्सॲपच्या सर्चमध्ये ‘गांजा’ असं टाइप करून बघत होते. लोक सहकार्य करताहेत, असं पोलिसांचं म्हणणं होतं. करणारच. एका बाजूला ७८ अंकी संख्या, दुसऱ्या बाजूला हवालदाराचा पुढे केलेला हात. अशा वेळी गणित मध्ये आणू नये. ‘वॉरंट आहे का?’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नका. आपल्याकडे त्याला शहाणपणा शिकवणं म्हणतात, आणि त्याचं उत्तर लेखी मिळत नाही.

बॅकअप मात्र न चुकता घ्या. रोज रात्री दोन वाजता, फोटो-व्हिडिओंसकट. इकडे पाच-सहा वर्षं मेसेज अभेद्य कवचातून जात होते आणि तिकडे त्यांच्या नकला गूगल ड्राइव्ह नाहीतर आयक्लाउडवर त्या कवचाशिवाय पडत होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये बॅकअपलाही कुलूप लावायची सोय आली. पण ती सेटिंगमध्ये जाऊन आपली आपण चालू करायची, वेगळा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली सांभाळायची. तुम्हाला गॅसचा ग्राहक क्रमांक सापडत नाही, ६४ अंक कुठे ठेवणार? राहू द्या. २०२० च्या सप्टेंबरात मुंबईत एनसीबीने, म्हणजे अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेने, सिनेमातल्या मंडळींना चौकशीला बोलावलं, तेव्हा कित्येक वर्षांपूर्वीच्या चॅट वृत्तवाहिन्यांवर मोठ्या अक्षरांत झळकल्या. व्हॉट्सॲपने लगेच खुलासा केला की आमचे मेसेज एन्क्रिप्टेडच आहेत. तेही खरंच होतं बरं का. वाहिन्यांवरचं जे होतं ते फोनमधून आलेलं होतं, आणि फोनमध्ये मेसेज साध्या मराठी-हिंदी-इंग्रजीत असतात. नाहीतर तुम्ही तरी ते कसे वाचले असते?

व्यापारउदीम असेल तर हिशेबही तिथेच ठेवा. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की व्हॉट्सॲपवरच्या संभाषणांतून २०० कोटींचा बेहिशेबी पैसा सापडला आणि गूगल मॅपच्या इतिहासावरून रोकड लपवायच्या जागा कळल्या. नव्या आयकर कायद्यात तर झडतीच्या वेळी अधिकाऱ्याला पासवर्ड ओलांडून तुमच्या खात्यांत शिरायचा अधिकारच दिला आहे. पूर्वी कपाट फोडायला लोहार बोलवावा लागे, त्याची मजुरी वाचली.

‘पण मी फोनवर काही बोलतच नाही,’ असं काही चतुर वाचक म्हणतील. त्यांनी तर अजिबात काळजी करू नये. तुम्ही काय बोललात यात कुणाला फारसा रस नसतो. कुणाशी, किती वाजता, किती मिनिटं आणि कोणत्या टॉवरखाली उभे राहून, एवढं पुरतं. डिसेंबर २०२१ पासून टेलिकॉम कंपन्यांना ही नोंद किमान दोन वर्षं ठेवावी लागते. हिलाच सीडीआर म्हणतात. ‘सीडीआर काढला’ हे वाक्य तुम्ही बातम्यांत ऐकलं असेलच. मंत्रालयातल्या कारकुनाने रात्री अकराला पत्रकाराला फोन केला, दोन दिवसांनी भ्रष्टाचाराची बातमी छापून आली, त्याच सकाळी कारकुनाने वकिलाला फोन केला. आता या तिघांचे शब्द ऐकायला कशाला हवेत? मायकेल हेडन हे अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही गुप्तचर संस्थांचे माजी प्रमुख. आम्ही मेटाडेटाच्या, म्हणजे असल्याच नोंदींच्या, आधारावर माणसं मारतो, असं त्यांनी २०१४ मध्ये भर सभेत सांगितलं होतं. आपल्याकडे अजून फक्त नोंदी ठेवतात. कृतज्ञ राहा.

कायद्याचं संरक्षण तर भक्कमच आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, केंद्रीय गृहमंत्रालयाने दहा यंत्रणांची यादी काढून कोणत्याही संगणकातली माहिती बघायचे अधिकार त्यांच्या नावे केले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली, मागितल्यावर एन्क्रिप्शन उघडून द्यायला मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. म्हणजे खासगीपणा तुमचा हक्क, आणि तो जपून ठेवलात तर सात वर्षं. दोन्ही एकाच देशात गुण्यागोविंदाने नांदतात.

शिवाय फोन ऐकायचा तर कुणीही उठून ऐकत नाही. गृहसचिवांचा आदेश लागतो. न्यायाधीशाचा लागत नाही, पण सचिवही पदवीधर असतात. आदेश बरोबर होता की नाही हे तपासायला पुनर्विलोकन समिती असते, आणि तिच्यावर पुन्हा सचिवच, म्हणजे जाणकार मंडळी. डेटा संरक्षण कायद्यासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवलं आहे की ही पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. आठ तास चहालाही न उठता काम केलं तरी एका आदेशाच्या वाट्याला पुरते दोन सेकंद येत नाहीत. एवढ्या वेळात आपण कांदाही नीट बघून घेत नाही. समितीची नजर किती तयार असेल, विचार करा.

नजर तयार असूनही गंमत होतेच. काँग्रेसचे नेते नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत सांगितलं की २०१६-१७ मध्ये त्यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाने ऐकला जात होता, अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याचा म्हणून. चौकशी झाली, संबंधित पोलीस अधिकाऱ्यावर गुन्हे दाखल झाले, सरकारं बदलली, उच्च न्यायालयात गुन्हे रद्दही झाले. तात्पर्य एवढंच घ्या की तुमचं नाव यादीत नाही म्हणून खट्टू होऊ नका. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या नावाने असाल. आणि चोरून ऐकलेलं कोर्टात चालत नाही, असं कुणा वकिलाच्या भाच्याने सांगितलं असेल तर त्याला ‘मलकानी विरुद्ध महाराष्ट्र सरकार’ हा १९७२ चा निवाडा वाचायला द्या. मुंबईच्या कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) लाचेच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पुरावा गैरमार्गाने मिळवला असला तरी प्रकरणाशी संबंधित असेल तर चालतो.

हे सगळं फार सरकारी, कागदोपत्री वाटतं ना? ज्यांना आधुनिक सेवा हवी त्यांच्यासाठी पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आहे. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केलं की इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या या प्रणालीने जगभरातल्या सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केलं, आणि त्यांत भारतातले वकील, पत्रकार, कार्यकर्तेही होते. व्हिडिओ कॉल यायचा, तुम्ही उचलला नाही तरी काम व्हायचं. फोन एकदा ताब्यात आला की कुलूप तोडायचा प्रश्नच नाही. तुम्ही मेसेज वाचता तेव्हा तो आतला पाहुणाही वाचतो, तुम्ही लिहिता तेव्हा कुलूप लागायच्या आधीच त्याचं वाचून होतं. मालक घरात असताना घर बंद कोण ठेवतो? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं असं ठरवता आलं नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, असं सरन्यायाधीशांनीच सांगितलं. पाहा, हैदराबादच्या दुचाकीवाल्यांनी केलं होतं.

इथे जरा सावकाश वाचा. आतापर्यंत बाहेर जाणाऱ्या गोष्टींबद्दल बोललो, फाइल आतही येऊ शकते. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी कार्यकर्ते रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला आणि त्यातली पत्रं पुरावा ठरली. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या आर्सेनल कन्सल्टिंग या संगणक तपासणाऱ्या कंपनीने त्याची तपासणी केली. २०२१ मधला तिचा अहवाल सांगतो की ‘नेटवायर’ नावाचं घातक सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपमध्ये २२ महिने होतं आणि ती पत्रं त्या वाटेने बाहेरून आणून ठेवली होती. राष्ट्रीय तपास यंत्रणा एनआयएला हे मान्य नाही, आणि खटल्याचा निकाल लागायचा आहे. आरोपींपैकी फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच वारले. तेव्हा तुमच्या लॅपटॉपवर अनोळखी ईमेलमधली अटॅचमेंट आली तर उघडून बघायला हरकत नाही. आयुष्यात कधी पत्रं लिहिली नसतील तर निदान सापडतील तरी.

एवढ्यावरही ज्यांना चैन पडत नाही त्यांनी साधा फोन टाकून खास सुरक्षित फोन विकत घ्यावा. ‘ॲनम’ नावाचा असा एक फोन होता. त्यात एकच काम, गुप्त संदेश. तेही कॅल्क्युलेटरच्या ॲपमागे दडवलेलं. जगभरच्या तस्करांनी वर्गणी भरून सुमारे बारा हजार फोन वापरले, २ कोटी ७० लाख संदेश पाठवले. जून २०२१ मध्ये कळलं की ही सेवा अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआयच चालवत होती आणि प्रत्येक संदेशाची प्रत तिच्याकडे जात होती. आठशेवर लोक पकडले गेले. हसू नका, सरकारंही याच दुकानातली गिऱ्हाइकं. स्वित्झर्लंडच्या ‘क्रिप्टो एजी’ची सांकेतिक यंत्रं शंभराहून अधिक देशांनी रोख मोजून घेतली, भारताने आणि पाकिस्ताननेही. १९७० पासून ती कंपनी गुपचूप सीआयए आणि जर्मन गुप्तहेरखात्याच्या मालकीची होती, हे २०२० मध्ये उघड झालं. एवढ्या एका गोष्टीत तरी दोन्ही शेजाऱ्यांना सारखी वागणूक मिळाली.

हा लेख आवडला तर पुढे पाठवा, पण पद्धतशीर. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या मेसेजिंग ॲपना, आदेश आला तर, मेसेज मुळात कुणी पाठवला हे सांगावं लागतं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही देश सोडू, असं २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं. नियमात एक छान सोय आहे. मूळ पाठवणारा परदेशात असेल तर भारतात ज्याने तो मेसेज पहिल्यांदा पाठवला, तोच मूळ पाठवणारा समजायचा. म्हणून मी हा मजकूर तुम्हाला थेट पाठवत नाही. न्यू जर्सीला माझा भाचा असतो, त्याच्याकडून तो तुमच्या फॅमिली ग्रुपवर येईल. तुम्ही तो सगळ्यात आधी पुढे ढकला.