तेल मांगस का रे तो?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुण्याहून शहाद्याला आला होता. सोबत कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेला जुना निन्टेन्डो थ्रीडीएस, हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. आई ओसरीवर करंज्या भरत बसली होती. हा तिच्या शेजारी लोळत पोकेमॉन खेळत होता. मध्येच म्हणाला, "मामा, हा माणूस तीन हजार वर्षं नुसता चालतोय."

मी पेपरातून मान वर न काढता "हं" म्हटलं. आईचा हात मात्र थांबला.

"तेल मांगस का रे तो?"

खानदेशाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात सातपुड्याचं अस्तंबा शिखर आहे, 1325 मीटर उंच. धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, आदिवासी बांधव रात्रीचे डोंगर चढून जातात. अश्वत्थामा या रानात अजून फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं आमच्याकडे म्हणतात. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, ऐकतच मोठे झालो.

आईच्या त्या प्रश्नामुळे मी पेपर ठेवला आणि भाच्याला म्हटलं, पहिल्यापासून सांग.

खेळ 2013 सालचा, पोकेमॉन एक्स आणि वाय. त्यात एझेड नावाचा राजा आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या युद्धात त्याचा लाडका पोकेमॉन, फ्लोएट, मारला गेला. त्याला परत जिवंत करण्यासाठी राजाने एक यंत्र बनवलं. फ्लोएट उठलीही. पण राजाचा राग शमला नाही. त्याने त्याच यंत्राचं महाअस्त्र केलं आणि युद्ध संपवलं. ते अस्त्र चालायचं असंख्य पोकेमॉनचे जीव घेऊन. फ्लोएटला हे कळलं आणि ती त्याला सोडून निघून गेली. राजाला मरण येत नाही. तो तिला शोधत फिरतो आहे.

रात्री माळ्यावरून वडिलांचं महाभारत काढलं. सौप्तिकपर्व. बापाच्या मरणाच्या रागात अश्वत्थामा रात्री झोपलेल्या छावणीत शिरून द्रौपदीची पाच मुलं मारतो, मग उत्तरेच्या गर्भावर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. त्याच्या डोक्यावरचा मणी काढून घेतात आणि कृष्ण शाप देतो : तीन हजार वर्षं एकटा भटकशील. लोकांच्या तोंडी तो कायमचा चिरंजीव झाला, पण पोथीत आकडा आहे. तीन हजार. मी बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसलो होतो.

"बघा, सगळं आपल्याकडूनच उचललं" असं कृपा करून खाली कुणी लिहू नका. मला तसं मुळीच म्हणायचं नाही. एवढा मोठा गुन्हा केलेल्याला मरणापेक्षा जगणं जड व्हावं, हे माणसाला जपानातही सुचू शकतं आणि सातपुड्यातही.

माझ्या पिढीला पोकेमॉन म्हणजे केबलवरचं कार्टून आणि चिप्सच्या पाकिटातले टॅझो. मीही तेवढ्यावरच त्याला ओळखत होतो. मग भाच्यासोबत चार रात्री बसलो. क्यूबोन नावाचं एक पिल्लू आहे, ते डोक्यावर आपल्या मेलेल्या आईची कवटी घालून हिंडतं. मुलांच्या खेळात! 1996 सालच्या पहिल्याच खेळात एका बेटावर पडका वाडा आहे, तिथे डायरीची सुटी पानं सापडतात. 5 जुलै, गयानाच्या जंगलात नवा पोकेमॉन सापडला. 10 जुलै, त्याचं नाव म्यू ठेवलं. 6 फेब्रुवारी, म्यूला पिल्लू झालं, त्याचं नाव म्यूटू ठेवलं. 1 सप्टेंबर, तो आमच्या हाताबाहेर गेला आहे. बस, एवढंच. एका वाड्यात चार नोंदी, आणि मधल्या महिन्यांत काय झालं असेल ते आपण रात्रभर मनात रचत बसतो.

2006 सालच्या डायमंड आणि पर्ल या खेळांत तर अख्खं वाचनालय आहे. आधी फक्त गोंधळ होता, त्यात एक अंडं आलं, अंड्यातून पहिला जीव, त्याच्यापासून काळ आणि अवकाश. वाचताना मला ऋग्वेदातलं हिरण्यगर्भ सूक्त आठवलं. दुसऱ्या पुस्तकात लिहिलंय की पाण्यातून पकडलेला पोकेमॉन खाल्ला की त्याची हाडं स्वच्छ करून त्याच पाण्यात सोडावीत, तो पुन्हा अंग धरून परत येतो. हे वाचलं नाही तरी खेळ अडत नाही. एकही बक्षीस मिळत नाही. तरी कुणीतरी जीव लावून ते लिहून ठेवलं.

मला सगळ्यात आवडलं ते हेच. हल्ली मोठ्या सिनेमांच्या मालिकांत प्रत्येक जखमेमागची गोष्ट सांगायला वेगळा भाग काढतात, आणि त्या जखमेची गंमतच जाते. अस्तंब्याच्या अश्वत्थाम्याला तेल कोणी दिलं, त्याने पुढे काय केलं, हे आम्हाला कुणी पूर्ण सांगितलं नाही. म्हणून तर लहानपणी अंधारात परसात जाताना मी तेलाची बाटली कुठे आहे ते आधी बघून ठेवायचो.

"कार्टून बघून पोरं वाया जातात" म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांना सांगणं आहे, एकदा पोराशेजारी बसा आणि "पुढे काय झालं?" एवढं विचारा. माझी दहा वर्षं हे न विचारण्यात गेली, त्याचं वाईट वाटतं.

जायच्या आदल्या रात्री भाच्याने खेळ संपवला. शेवटी एझेडकडे फ्लोएट परत येते. तीन हजार वर्षांनी. पोराचे डोळे भरले होते. तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "आजी, तुझ्या अस्तंब्याकडे कुणी परत आलं का गं?"

आई बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग उठली, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि त्याच्या डोक्याला तेल लावायला लागली.