पिठ्ठू कुणाच्या मापाचा?

परवा एका ग्रुपवर कुणीतरी महिला तुकडीच्या संचलनाचा व्हिडिओ टाकला आणि खाली सलाम आणि झेंड्यांचा नुसता पूर. मीही दोनदा बघितला. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण बघता बघता आठवली ती माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची पाठ.

ती फौजेत गेली, शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या बोलीवर. ट्रेनिंगमधून पहिल्या सुट्टीवर आली तेव्हा खोलीचं दार लावून तिने मला पाठ दाखवली. कमरेखाली वीतभर काळानिळा पट्टा, मधोमध सोललेला. पिठ्ठू, म्हणजे सैनिकाची पाठीवरची पिशवी, पुरुषाच्या पाठीच्या लांबीला बेतलेला. हिची पाठ आखूड, म्हणून पळताना त्याची खालची कड दर पावलाला माकडहाडावर आपटायची. "उस्ताद म्हणाले, आदत हो जाएगी," असं हसत हसत सांगत होती. खरंच झाली सवय. चौदा वर्षं काढली तिने.

सैन्यात मुली येत नाहीत, हे रडगाणं आता पुरे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली झाली, तर पहिल्याच खेपेला पावणेदोन लाखांहून जास्त मुलींनी अर्ज भरले. जागा १९. त्या पहिल्या तुकडीतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून पास आउट झाल्या. दार किलकिलं झालं तरी रांग लागते. माझा प्रश्न दारातून आत गेल्यावरचा आहे. दहाव्या वर्षी, पंधराव्या वर्षी त्यातल्या किती आत असतात, आणि ज्या नसतात त्या का नसतात?

आपल्याकडे तर याची तऱ्हाच न्यारी. बाकीची सैन्यं 'बायका सोडून जातात' म्हणून डोक्याला हात लावून बसलेली, आणि इथे बायका 'आम्हाला राहू द्या' म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या. १९९२ मध्ये डॉक्टर-नर्स सोडून इतर शाखांत महिला अधिकारी घ्यायला सुरुवात झाली ती पाच वर्षांच्या बोलीवर. मग मुदत वाढत वाढत चौदावर गेली. चौदा वर्षं झाली की नमस्कार. पेन्शनला वीस वर्षं लागतात, त्यामुळे तीही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी द्या म्हणून सांगितलं, सरकार अपिलात गेलं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बायकांच्या बाजूने आला १७ फेब्रुवारी २०२० ला. दहा वर्षं. तेवढ्यात लेफ्टनंटचा लेफ्टनंट कर्नल होण्याच्या बेताला येतो.

त्या खटल्यात सरकारी बाजूने एक युक्तिवाद होता: जवान बहुतेक खेड्यातले, बाईच्या हुकमाखाली काम करायची त्यांची मानसिक तयारी नाही. मला हे वाचून हसावं की रडावं कळेना. ज्या खेड्यांत १९९३ पासून पंचायतीच्या एक तृतीयांश जागा बायकांना आहेत, तिथली पोरं ही. सरपंचबाईंची सही घ्यायला हेलपाटे मारलेली. त्यांना कॅप्टनबाईचा हुकूम पचणार नाही, हे ठरवलं कुणी? जवानाला विचारून तर नक्कीच नाही.

पण माझ्या मते त्या निकालाहून महत्त्वाचा आहे त्याच न्यायालयाचा पुढच्याच वर्षीचा, मार्च २०२१ चा निकाल. त्याच्यावर फारसं कुणी लिहिलं नाही, कारण त्यात टाळ्या घेणारं वाक्य नाही, नुसता फायलींचा किस आहे. २०२० च्या निकालानंतर कायम कमिशनसाठी महिला अधिकाऱ्यांची निवड झाली आणि बऱ्याच जणी बाद ठरल्या. कशावर? एक म्हणजे शारीरिक निकष, शेप-१. पुरुष अधिकाऱ्याची ही तपासणी होते सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे पंचविशी-तिशीत. तेव्हा तो पास झाला, कायम झाला, आणि पुढे चाळिशीत गुडघा गेला, साखर वाढली, तरी त्याचं कायम कमिशन कोणी काढून घेत नाही. बायकांचा विचार त्या वयात झालाच नव्हता. तो झाला चाळीस-पन्नाशीच्या घरात, आणि मापदंड मात्र तोच, तरुणपणाचा. बाळंतपणं झालेली, वर्षानुवर्षं पिठ्ठू वाहिलेली बाई घ्या आणि तिला पंचविशीच्या पोराच्या तराजूत घाला.

दुसरी गोष्ट एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. हिला तर पुढे कायम व्हायचंच नाही, या समजुतीने कित्येक वरिष्ठांनी महिलांचे अहवाल वर्षानुवर्षं वरवरचे लिहिले. दुष्टपणाने असंही नाही. चांगले गुण ज्याला कोर्स आणि बढती मिळायची त्याला द्यावेत, हिला काय उपयोग, असा साधा सरळ हिशोब. आणि नंतर तेच अहवाल तिच्यासमोर ठेवून सांगायचं, बाई, तुमचं रेकॉर्ड कमी पडतंय. नियम कागदावर सगळ्यांना सारखा, फटका एकीलाच. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

म्हणून मला वाटतं, बाई सैन्यात टिकणार की नाही हे ती राजीनामा लिहिते त्या दिवशी ठरत नाही. कुणीतरी दमलेला मेजर चौथ्या वर्षी संध्याकाळी घाईत तिचा अहवाल भरतो, तेव्हा ते ठरत असतं.

आता जिथे राहायला पूर्ण मुभा आहे, तिथलं बघा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२० मध्ये हिशोब मांडला, तर तिथल्या सैन्यातून बाहेर पडण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा २८ टक्के जास्त. कारणांत कामाच्या वेळा, तैनाती, मुलांची सोय, लैंगिक अत्याचार, तिथलं एकूण वातावरण. यात नवीन काय आहे? बाहेरच्या कुठल्याही नोकरीतली बाई हेच सांगेल. फरक इतकाच, की सैन्यात सगळं एकाच वेळी आणि एकाच वयात येऊन आदळतं. जवानांची कंपनी सांभाळायची, पुढचे कोर्स करायचे, वरिष्ठांच्या नजरेत भरायचं, ती अठ्ठावीस ते पस्तीसची वर्षं. मूल व्हायची वर्षंही तीच. त्यात एक वर्ष चुकलं की बॅचमेट पुढे, आणि तुम्ही कायमच्या एक पायरी खाली.

ब्रिटनमध्ये तर १९९० पर्यंत गरोदर बाईला सैन्यातून काढूनच टाकत. आता काढत नाहीत. पण ज्या नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलतं, ती नोकरी मुळातच असं धरून चालते की अधिकाऱ्याच्या घरी एक पूर्णवेळ, बिनपगारी बायको आहे. शाळाप्रवेश, गॅसचं कनेक्शन, सासूचं आजारपण ती बघते. अधिकारीच बाई झाली तर ही बायको आणायची कुठून? माझ्या मैत्रिणीचा नवराही फौजेत. अकरा वर्षांच्या संसारात एका छताखाली राहिले साडेतीन वर्षं. तिने मोजून ठेवली होती.

'मग दर्जा खाली आणायचा का?' हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच बोलते. नाही आणायचा. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा साधारण ४५ किलोचा असतो, तो उचलणारा पुरुष आहे की बाई याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्याला तो दिवसभर उचलता येतो त्याने तोफेवर जावं. सरासरीने बायकांची ताकद कमी पडते, ट्रेनिंगमध्ये त्यांना दुखापतीही जास्त होतात, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक दुखापत शरीरामुळे होते असंही नाही. ब्रिटिश ड्रिलचं पाऊल ३० इंचांचं. बुटक्या मुलींना उंच पुरुषांच्या बरोबरीने तेवढी ढांग टाकायला लावली, आणि कंबरेच्या हाडांना इजा झाल्या. तिथल्या हवाईदलाला २०१३ मध्ये अशा काही जणींना नुकसानभरपाई द्यावी लागली. पाऊल तीन इंच आखूड टाकल्याने कुठली लढाई हरली असती कोण जाणे!

आणि हो, 'वरच्या पदांवर बायका दिसत नाहीत, म्हणजे कुवत नसावी' हे म्हणणाऱ्यांनी सैन्याची उतरंड समजून घ्यावी. खासगी कंपनीत बाहेरून थेट उपाध्यक्ष आणता येतो, सैन्यात बाहेरून जनरल आणता येत नाही. तो तळापासूनच घडवावा लागतो, तीस-पस्तीस वर्षं. कॅनडाने १९८९ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने पाणबुड्या सोडून सगळी कामं बायकांना खुली केली. तिथल्या पहिल्या महिला सरसेनाध्यक्ष जेनी कॅरिन्यान त्या पदावर बसल्या जुलै २०२४ मध्ये. चार मुलांची आई, १९८६ ची भरती. चौदाव्या वर्षी निरोपाचा समारंभ ठेवला असता तर तिथवर कोण पोहोचणार होतं?

माझी मैत्रीणही चौदाव्या वर्षी बाहेर पडली, २०२० च्या निकालाच्या बऱ्याच आधी. तिला या सगळ्याबद्दल विचारलं की चिडत नाही, एक गोष्ट सांगते. पहिल्या युनिटमध्ये गेल्यावर तिने तिथल्या शिंप्याला गाठलं आणि पिठ्ठूचे पट्टे चार बोटं वर घ्यायला लावले. सरकारी सामानात फेरफार चालत नाही, म्हणून टाके कच्चे. तपासणीच्या आदल्या रात्री ते उसवायचे, तपासणी झाली की परत घालायचे. दोन वर्षांनी तिथे दुसरी मुलगी पोस्टिंगवर आली. पहिल्याच आठवड्यात बिचकत बिचकत तीही पिठ्ठू घेऊन शिंप्याकडे गेली. त्याने काही विचारलं नाही. खडू घेतला आणि चार बोटांवर खूण केली.