चिंतनाची पानं बाइंडिंगआधी काढा

शेवटच्या वर्षाचा कॅपस्टोन प्रकल्प आखायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. शिकलेलं सगळं एका खऱ्या प्रश्नावर लावून बघायचं आणि त्यावर विद्यार्थ्याने स्वतः विचार करायचा, एवढीच ती भानगड. यातला विचार तेवढा आवरला की बाकीचं मार्गी लागतं.

आत्मचिंतन शेवटच्या आठवड्यातच ठेवा. सबमिशनच्या आदल्या रात्री, झेरॉक्सवाला शटर ओढायच्या बेतात असताना पोरं जे चिंतन करतात त्याला तोड नाही. मध्येमध्ये रोजनिशी लिहायला लावलीत तर चुका वाटेतच सापडतात आणि सुधारल्याही जातात. मग गेल्या वर्षीचा अहवाल यंदा कसा चालायचा?

विषय समितीनेच ठरवावा. उदाहरणार्थ, मालवण बंदरात उतरणाऱ्या मासळीची मोजदाद, जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, हे समितीला सांगून काय उपयोग? वेळापत्रक मंजूर झालेलं असतं. पोरगी तक्ता घेऊन किनाऱ्यावर जाते. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या. जाळं सांधत बसलेली एक काकी विचारते, "गो बाय, बंदीत मासळी खंय मोजतलंस?" आणि शेजारी बसवून घेते. हे माशांच्या विणीचे दिवस, आता गाभोळीची मासळी ओढली तर पुढे जाळ्यात काय येणार, किनाऱ्यावरून हाताने जाळं ओढणारे रापणवाले मोठ्या यांत्रिक नौकांच्या पर्ससीनवाल्यांवर का चिडतात, असं दुपारभर चालतं. वहीची मागची पानं भरतात. पुढचा तक्ता कोराच.

धोका आहे तो या मागच्या पानांत. 'आमचा प्रश्नच चुकला होता, खरा प्रश्न मला काकीने दिला' असं तिने अहवालात लिहिलं, तर मार्क कुठल्या रकान्यात द्यायचे? तिला प्रेमाने सांगा, "अगं, बाहेरचे परीक्षक येणार. 'संघभावना वाढीस लागली' असं लिही ना." आत्मचिंतनाला पाच गुण पुरेत. बाइंडिंगला दहा, सोनेरी अक्षरं असतील तर.

शास्त्राचा आधार हवाच असेल तर ग्रॅहॅम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं चिंतनचक्र घ्या: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, तसं का झालं, निष्कर्ष, पुढे काय करणार. सहा रकाने छापा, प्रत्येकी दोन ओळी. 'काय वाटलं' समोर 'छान' येईल. 'तसं का झालं' रिकामं राहिलं तरी सही करा.

आणि चुकूनही समासात 'मग पुढे तू काय केलंस?' असं लिहू नका. पोरगी उत्तर घेऊन थेट केबिनमध्ये येते, नेमकी तुमच्या जेवणाच्या सुट्टीत.