रविवारी बघू

एकट्याने वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाला फसवायला एकच जण असतो आणि तो फसायला कधीचाच तयार असतो. दुपारच्या चिवड्याला ‘जरा तोंडात टाकायला’ असे म्हटले की तो हिशेबातून सुटतो, जेवणानंतर बडीशेपेबरोबर गुळाचा खडा गेला तर तो औषधात जमा होतो आणि लग्नातल्या दुसऱ्या जिलबीला ‘यजमानांचे मन राखणे’ असे भारदस्त नाव मिळते. हा कारभार पुष्कळ वर्षे सुरळीत चालल्यावर नाशिकमधल्या आमच्या सोसायटीतल्या आठ-दहा समदुःखी लोकांनी एकत्र येऊन वजन कमी करायचे ठरवले आणि माझा हा जमलेला घरगुती उद्योग एका बैठकीत बंद पडला.

ठराव असा झाला की दर रविवारी सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, सोसायटीच्या कार्यालयात सगळ्यांनी सगळ्यांसमोर वजन करायचे आणि सेक्रेटरींनी ते वहीत उतरवायचे. नव्या वहीचा खर्च सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला नसल्यामुळे त्यांनी मेंटेनन्सचे एक जुने रजिस्टर वापरायला काढले आणि त्यातले छापील रकाने तसेच राहिले. परिणामी ‘मागील बाकी’, ‘चालू महिना’ आणि ‘एकूण थकबाकी’ अशा सदरांखाली माझ्या देहाची नोंद होत असते. थकबाकीदारांची यादी सूचनाफलकावर लावण्याची आमच्याकडे जुनी प्रथा आहे. ती या रजिस्टरलाही लागू आहे काय, यावर मंडळात अद्याप एकमत झालेले नाही.

काट्यावर चढण्यापूर्वी माणसे ज्या गोष्टी अंगावरून उतरवतात त्या पाहून कुणालाही वाटावे की सगळा लठ्ठपणा चष्मा, घड्याळ आणि किल्ल्यांचा जुडगा यांतच साठलेला होता. आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर शनिवारी न चुकता केस कापून येतात. कार्यालयातल्या खिडकीजवळच्या एका फरशीवर काटा ठेवला तर तो जवळजवळ अर्धा किलो कमी दाखवतो, हा शोध कुणी लावला ते कळले नाही. पण त्या फरशीवर वजन करण्यासाठी जी रांग लागू लागली तिच्यामुळे सेक्रेटरींनी शेवटी दारामागच्या एका नावडत्या फरशीवर खडूने चौकोन आखला आणि यापुढे वजन तिथेच होईल असे जाहीर केले.

केवळ किलोंवर भागत नाही म्हणून किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून ‘बीएमआय’ नावाचा आकडा काढण्याचीही टूम निघाली. हे गणित एकोणिसाव्या शतकातल्या केतले नावाच्या एका बेल्जियन विद्वानाचे. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधायचे होते, कुणाचा पोटाचा घेर कमी करण्याचा त्याचा मुळीच हेतू नव्हता. तरीही त्याच्या नावाने आज जगभर माणसे उसासे टाकतात. जागतिक मोजमापानुसार हा आकडा २५ च्या वर गेला की वजन जास्त समजले जाते. भारतीयांच्या अंगात मात्र कमी वजनालाही चरबीचे प्रमाण अधिक असते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून आपल्यासाठी ती रेषा २३ वर आणून ठेवलेली आहे. बँक मॅनेजरांचा आकडा २४ भरला. क्षणभर विचार करून, आपला मुलगा कॅनडात स्थायिक असल्यामुळे आपल्याला जागतिक मोजमाप लागू होते, असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला आणि ते खुर्चीवर जाऊन बसले.

चारचौघांत वजन कमी करण्याची ही कल्पना आमची मुळीच नाही. १९६१ मध्ये न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच नावाच्या एका गृहिणीला डाएट तर मिळाले होते, पण बिस्किटे सुटत नव्हती. तिने काही मैत्रिणींना घरी बोलावले आणि आपण चॉकलेटची बिस्किटे मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून ठेवतो व गुपचूप खातो, हे त्यांना सांगून टाकले. त्यावर त्या मैत्रिणींनी आपापल्या लपवण्याच्या जागा सांगितल्या आणि त्या बैठकींतून १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही पुढे जगभर पसरलेली कंपनी उभी राहिली. ही हकिगत मी मंडळात मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी जावा एकमेकींकडे पाहू लागल्या आणि त्यांपैकी धाकटीने, वॉशिंग मशीन कुणी कुणी उघडून पाहिले होते, असे हलक्या आवाजात विचारले.

आहार कोणता घ्यावा यावर मंडळात पंथ आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्याने ऐकलेले दिवसातून दोनदाच आणि तेही ५५ मिनिटांच्या आत जेवतात, मधल्या वेळात काहीही घेत नाहीत आणि घड्याळ लावून बसतात. दुसरा पंथ दर दोन तासांनी थोडे थोडे खाणाऱ्यांचा. त्यातले ‘दर दोन तासांनी’ काटेकोरपणे पाळले जाते, ‘थोडे थोडे’ मात्र ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलेले आहे. तिसरा पंथ उपवासवाल्यांचा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने स्वतःच घडवली, त्यानेच साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप हे चार पदार्थ एकत्र करून त्यांना फराळ म्हणावे, यावर मी अधिक काही बोलत नाही, कारण आमच्या घरी मंगळवारची खिचडी उत्तम होते.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचेच वजन झपाट्याने उतरले. शरीर आधी यकृतातली आणि स्नायूंतली साठवलेली साखर वापरते. त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही अडकलेले असते आणि ते निघून जाते, असे सोसायटीतल्या एका डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले. आमच्या दीड किलोच्या पराक्रमाला त्या पाणी म्हणाल्या हे कुणालाच आवडले नाही. पुढच्या आठवड्यांत काटा हलेनासा झाल्यावर मात्र त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

खरा प्रश्न सकाळचा नसतोच. सकाळी सहाला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर थंड हवा असते, पोट रिकामे असले तरी मन भरलेले असते आणि आपण जन्मभर असेच चालत राहू असे वाटते. परंतु प्रेरणा ही सकाळपाळीत काम करणारी आहे. दुपारी चार वाजता तिची सुट्टी झालेली असते आणि नेमके तेव्हाच स्वयंपाकघरातल्या डब्याचे झाकण कुणीतरी उघडल्याचा आवाज येतो. १९९९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी घ्रेलिन नावाचे भुकेचे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठरात तयार होते, पोट रिकामे असताना वाढते आणि, आमच्या दृष्टीने भयंकर गोष्ट म्हणजे, रोज ज्या वेळी खायची सवय असते त्या वेळेच्या थोडे आधीच ते वाढायला लागते. मी नोकरीची सगळी वर्षे चारच्या चहाबरोबर चिवडा खाल्ला आहे. नोकरी संपली, तरी माझे घ्रेलिन जुन्या शिपायासारखे रोज पावणेचारला कामावर हजर होते आणि साहेब कुठे आहेत म्हणून विचारते.

त्यातही नाशिकचा कांद्याचा चिवडा ज्याने खाल्लेला नाही त्याने संयमावर बोलू नये. तळून कुरकुरीत केलेला कांदा, पोहे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि त्या सगळ्यांना लागलेले ते तिखट-मीठ, यांतले काहीही वेगळे करून खाता येत नाही आणि ‘एक मूठ’ हे त्याचे सर्वमान्य माप कुणाच्या मुठीचे हे कधीच ठरलेले नसते. एका ग्रॅम पिठाचे किंवा साखरेचे चार कॅलरी आणि एका ग्रॅम तेलाचे नऊ, या हिशेबाने शंभर ग्रॅम तळलेल्या चिवड्याचे सुमारे पाचशे कॅलरी होतात. उलट अर्धा तास भरभर चालून माझ्यासारख्या माणसाचे जेमतेम दीडशे खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी, हे कळल्यावर बँक मॅनेजरांनी प्रत्येकाच्या पोटाचे हप्ते पाडून दिले आणि चारचा चिवडा हे व्याज असून तुम्ही अजून मुद्दलाला हातच लावलेला नाही, असे त्यांनी मला जाहीरपणे सांगितले.

या चार वाजण्यावर तोड म्हणून मंडळाने व्हॉट्सॲपवर एक समूह काढला. नियम असा की खाण्याची अनावर इच्छा झाली तर खाण्यापूर्वी तिथे कळवायचे आणि बाकीच्यांनी धीर द्यायचा. पहिल्या दिवशी चार वाजून दोन मिनिटांनी एकाने ‘समोर चिवडा आहे’ असे कळवले. त्यावर उगवत्या सूर्याची तीन चित्रे आणि ‘मन जिंकले त्याने जग जिंकले’ या आशयाची दोन वाक्ये आली. इथपर्यंत ठीक होते. मग कुणीतरी, चिवडा कांद्याचा की साधा, अशी चौकशी केली. दुसऱ्याने त्यात खोबरे आहे का हे विचारले. तिसऱ्याने आपल्या आजीच्या हातच्या चिवड्याचे जे वर्णन पाठवले त्यात कढीपत्ता तडतडल्याचा आवाज ऐकू येत होता आणि सव्वाचारपर्यंत, ज्यांना भूक नव्हती आणि ज्यांच्या घरात चिवडाही नव्हता असे सदस्य पायांत चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाले होते. तिथे त्यांची एकमेकांशी भेट झाली हा भाग वेगळा.

त्यानंतर समूहावर पदार्थांची नावे घेण्यास बंदी करण्यात आली. बंदीचा परिणाम असा झाला की लोक ‘तो पिवळा’, ‘ती गोल काटेरी’ आणि ‘दिवाळीतला पांढरा’ अशा खुणांनी बोलू लागले आणि ओळखण्याच्या नादात सगळ्यांना ते पदार्थ अधिकच स्पष्ट दिसू लागले.

अशा वेळी धीर देणारी माणसे सर्वांत घातक असतात, असे माझे आता ठाम मत झाले आहे. आमच्यात एक अतिशय प्रेमळ गृहस्थ आहेत. त्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘अहो, मनाला इतके मारू नये. कधीतरी चालते.’ त्यांच्या या मायेने मंडळाचे जितके नुकसान केले तितके कोणत्याही मिठाईवाल्याने केले नसेल. याउलट दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्या सूर्य पाठवत नाहीत, सुविचार पाठवत नाहीत, घ्रेलिन त्यांना माहीत नाही. कुणी कितीही व्याकुळ होऊन लिहिले तरी त्या एवढेच उत्तर देतात: ‘खा की. रविवारी बघू.’

या शब्दांपुढे माझा हात कितीदा तरी डब्यावरून परत आला आहे. कारण त्यांत परवानगी आहे आणि तारीखही आहे. आजवर कुठल्याही डाएटने मला आरोग्याची भीती घालून जे करून घेतले नाही, ते काकूंच्या समोर काट्यावर उभे राहण्याच्या कल्पनेने करून घेतले. लोक म्हणतात की सोबतीने हुरूप येतो; माझ्या बाबतीत हुरूप वगैरे काही आला नाही, मला फक्त साक्षीदार मिळाले.

दिवाळीत मात्र काकूंचाही इलाज चालेना. फराळाचे ताट शेजारी द्यायचेच आणि आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, हे दोन्ही नियम मंडळाच्या घटनेपेक्षा जुने आहेत. ज्यांना खायचे नव्हते त्या सगळ्यांनी आपल्याकडे आलेले पदार्थ नव्या ताटात रचून दुसऱ्या विंगमध्ये पाठवले, तिथल्यांनी ते तिसऱ्या विंगमध्ये पाठवले, आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्याकडे आलेल्या ताटात माझ्या बायकोला स्वतःच्या हातची, एका बाजूने किंचित चपटी झालेली चकली सापडली. ती तिने ओळखली. मला काही बोलता आले नाही, कारण आपली चकली सगळी सोसायटी फिरून आली तरी कुणी खाल्ली नाही, याचा तिला झालेला संताप आहारशास्त्राने शमणारा नव्हता. ती चकली मीच खाल्ली. समूहावर कळवली नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी रजिस्टरच्या ‘एकूण थकबाकी’ या सदरात सगळ्यांचीच भर पडलेली होती. वातावरण निवळावे म्हणून प्रेमळ गृहस्थांनी असे सुचवले की वजन झाल्यावर सगळ्यांनी गंगापूर रोडने चालत जाऊन मळ्यातली मिसळ खावी. पुढचे वजन आठवड्याने असल्यामुळे पश्चात्तापाला पुरेसा अवधी आहे आणि मटकी ही मोडाची असल्याने ती आरोग्यातच धरावी. नाशिकमध्ये रविवारच्या मिसळीला विरोध करणे कुणालाच शक्य नसते. काकूंनी फक्त, सगळ्यांनी पायीच यायचे आणि रिक्षात कुणी दिसला तर त्याचे नाव रजिस्टरला लागेल, अशी अट घातली आणि त्या स्वतःही आल्या.

झाडाखालच्या बाकांवर आम्ही बसलो. ताटल्या आल्या, पापड आले, काळ्या मसाल्याचा रस्सा आला आणि बराच वेळ कुणी कुणाशी बोलले नाही. ठरल्याप्रमाणे प्रत्येकी दोनच पाव होते आणि ते संपले तेव्हा रस्सा मात्र अर्धा उरलेला होता, जसा तो नेहमीच उरतो. वाढणाऱ्या मुलाने येऊन विचारले, ‘अजून पाव आणू का?’ सगळ्यांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, ‘आण बाबा. ज्यांना ज्यांना हवेत त्यांनी हात वर करा म्हणजे याला मोजायला बरे.’

कुणीही हात वर केला नाही. बँक मॅनेजरांचा वर गेला होता, पण तो आपण पाणी मागण्यासाठी केला होता, असा खुलासा त्यांनी तत्काळ केला.